अक्कासाठी काढलेलं टॅपिंग

आमच्या भागात पिकअप म्हटलं की केळीचे घड वाहणारी गाडी. म्हणून 'पिकअप धुळ्याला न्यावा लागेल' असं मी सकाळी चहा घेताना बोललो, तेव्हा बायकोने विचारलं, "कोणाचा? आणि आपल्याला कशाला पाहिजे?" इतकी वर्षं माझ्याशी संसार केला, गिटारवरची धूळ पुसली, पण त्या तारांखालच्या पांढऱ्या पट्टीलाही पिकअप म्हणतात हे तिच्या गावीही नाही. मी समजावत बसलो नाही. हल्ली मी बऱ्याच गोष्टी समजावत बसत नाही.

पोटासाठी मी जळगावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे, आणि जिवासाठी म्हणा की सवयीने म्हणा, आमच्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. पार्टी म्हणजे ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार, दोन गाणारे आणि मागे कोरसला जो सापडेल तो. जयंतीच्या दिवसांत आम्हाला श्वास घ्यायला उसंत नसते. एरवी लग्नं, नामकरणं, कुठे विहाराचं उद्घाटन. पूर्वी कार्यक्रम ठरला की मी आठवडाभर बोटं मोकळी करत बसायचो. आता कार्यक्रम ठरला की मला आधी सुचतं ते परत कसं यायचं, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकावी लागेल का. पन्नाशी उलटली की पाठ आधी बोलते आणि मन नंतर.

अक्का माझी थोरली बहीण. धुळ्यात राहते, अंगणवाडीत सेविका आहे. पार्टीची मुख्य गायिका तीच, आणि मला या भानगडीत ओढणारीही तीच. साक्रीकडच्या आमच्या गावी विहारात संध्याकाळची वंदना झाली की ती गायची आणि मी तेलाच्या डब्यावर ठेका धरायचो. पुढे तिचं लग्न झालं, पोरं झाली, सासू अंथरुणाला खिळली, नवरा गेला, पण गाणं सुटलं नाही. दिवसभर ती दुसऱ्यांच्या पोरांना खिचडी वाढते, त्यांची वजनं घेते, मोबाइलवर माहिती चढवते आणि ती चढली नाही म्हणून वरच्या मॅडमची बोलणी खाते. घरी गेलं की सुनेचा तोरा. माइकपुढे उभी राहिली की मात्र तिला कोणी काही सांगू शकत नाही. कडक इस्त्रीची पांढरी साडी, दाढेखाली ज्येष्ठमधाचा तुकडा, आणि नजर लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे कुठेतरी. खेड्यापाड्यांत तिला 'धुळ्याच्या बाई' म्हणतात. तिचं स्वतःचं असं काही असेल तर ते एवढंच.

आणि तेच जाणार होतं. मला ते तिच्या आधी कळलं, असं तेव्हा वाटलं. पार्टीचे म्होरके नाना, ढोलकी तेच वाजवतात, नशिराबादला राहतात. तालीम त्यांच्याच ओसरीवर होते. त्या दिवशी तालीम संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. त्यांच्या गल्लीतली एक मुलगी हल्ली कोरसला येत होती, नर्सिंगला शिकणारी, गळा चांगला. ती गेल्यावर नाना ढोलकीची दोरी आवळत म्हणाले, "भाऊ, अक्कांचा आवाज येत नाही हो हल्ली. माइक वाढवला तरी शब्द लागत नाहीत. मागच्या दोन ठिकाणी लोकांनी बोलून दाखवलं."

मी गिटार पिशवीत घालायला लागलो.

"जामनेरच्या लग्नात बघू," ते म्हणाले. "ऐकू आल्या तर प्रश्नच नाही. नाहीतर पुढे या पोरीला उभी करू, अक्कांनी कोरस सांभाळावा. तुम्ही सख्खे भाऊ. तुम्हीच सांगून ठेवा त्यांना."

मी मान हलवली आणि सांगितलं नाही. सांगणार कसं? जिचं बोट धरून मी स्टेजवर चढलो तिला म्हणू, आता मागे बस? नानांचा रागही आला आणि नानांचं चुकत नाही हेही दिसत होतं. अशा वेळी माणूस तिसरंच काहीतरी शोधतो. मी स्वतःची समजूत घातली की खोट अक्काच्या गळ्यात नाही, माझ्या गिटारमध्ये आहे.

समजूत अगदीच हवेतली नव्हती. प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं एकच खेळ मांडत आलोय. तारेचं वेटोळं टेबलावर ठेवायचं, त्याच्या तोंडाशी चुंबक हलवायचा, की गॅल्व्हानोमीटरचा काटा थरथरतो. मुलं जांभया देतात. गिटारचा पिकअप म्हणजे हाच खेळ, फक्त हलणारं आणि थांबणारं बदललेलं. इथे चुंबकाच्या सहा कांड्या जागच्या जागी उभ्या असतात. त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. हलते ती वरची पोलादी तार. ती थरथरली की चुंबकाचं क्षेत्र थरथरतं आणि वेढ्यांत इवलीशी वीज जन्मते. तीच पुढे अँप्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते. वेढे कमी असले तर आवाज लहान, पण स्वच्छ, घुंगरासारखा. वेढे वाढवत नेले की आवाज मोठा आणि भरदार होतो, पण वरची चमक मरते. दोन्ही एकदम मिळत नाही. शिवाय माझ्यासारखा एकेरी कॉइलचा पिकअप असेल तर मंडपातल्या प्रत्येक ट्यूबलाइटची गुणगुण फुकटात मिळते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पिकअपची तार आतून तुटली तेव्हा धुळ्याच्या आबांनी तो नव्याने भरून दिला होता. आबा म्हणजे मोटर रिवायंडिंगवाले. विहिरीवरची मोटर असो की मिक्सर, त्यांना रिकामी जागा बघवत नाही. त्यांनी बॉबिनच्या काठापर्यंत तार भरली. तेव्हापासून माझी गिटार बोलायची थांबली आणि घुमायला लागली. नाना खूश झाले, मंडप भरल्यासारखा वाटतो म्हणाले. पण ती घुम नेमकी अक्काच्या आवाजाच्या उंचीवर बसायची. मी आवाज कमी करून बघितला. कमी केला तर गाण्याच्या सुरुवातीला गिटार आहे की नाही तेच कळत नाही, आणि पोत तर जाडाच राहतो. साउंडच्या मिक्सरवरून पट्ट्या खालीवर करून थोडंफार जमलं असतं, पण आमचा साउंडवाला एकदा पट्ट्या लावतो आणि पंगतीला जाऊन बसतो.

यावर एक उपाय मला माहीत होता. कॉइल टॅपिंग. जळगावातल्या वाद्यांच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, ते डबल कॉइलला होतं, तुमच्या एकेरीला होत नाही. त्याचा घोळ होता. डबल पिकअपमध्ये दोन कॉइल शेजारी शेजारी असतात आणि त्यातली एक बंद करता येते. ती झाली वाटणी. टॅपिंग म्हणजे एकाच कॉइलला मधूनच फाटा काढणं. तार गुंडाळताना ठरावीक जागी थांबायचं, तारेवरचं एनॅमल खरवडायचं, तिथे एक वेगळी तार सोल्डर करून बाहेर काढायची आणि पुढे गुंडाळायला लागायचं. मग दोनऐवजी तीन टोकं होतात. सुरुवातीचं टोक कायम अर्थिंगला. छोटं बटण मधल्या टोकाला लावलं की फक्त आतल्या वेढ्यांचा आवाज, शेवटच्या टोकाला लावलं की अख्ख्या कॉइलचा. एकाच गिटारला दोन स्वभाव. सुरुवातीला आणि मधल्या तुकड्यांना भरदार, आणि अक्काने तोंड उघडलं की बारीक, बाजूला सरकून उभं राहिल्यासारखं. झालेल्या कॉइलला मात्र बाहेरून फाटा काढता येत नाही. सगळी तार उलगडून पहिल्यापासून भरावी लागते.

मे महिन्यात जळगाव ते धुळे एसटीने जाणं हे काम कोणी आनंदाने करत नाही. खिडकी उघडी ठेवली तर झळा, लावली तर कोंडवाडा. पिकअप रुमालात गुंडाळून खिशात होता. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं, परतीची गाडी धरावी, आणि नाना आणि अक्का काय ते बघून घेतील. पण पारोळ्याच्या पुढे गेल्यावर परतायचाही कंटाळा येतो.

आबांच्या दुकानात कूलरच्या मोटरींचा ढीग लागला होता. उन्हाळ्यात ते दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. मला बघून त्यांनी सवयीने विचारलं, "कोनता गावनी शे?"

हा त्यांचा पहिला प्रश्न, कुठलंही यंत्र पुढे आलं की. त्यात त्यांचा सगळा धंदा आहे. ज्या गावाला वीज पुरती येत नाही तिथल्या मोटरीला ते तार जाड घेतात आणि टर्न कमी करतात, म्हणजे कमी व्होल्टेजवरही ती उठते. कोणत्या फिडरवर दुपारी किती वीज असते हे आबांना तोंडपाठ. म्हणून मालकाचं नाव नाही विचारलं तरी चालेल, गाव विचारायचं.

"आबा, मोटर नही," मी म्हणालो. "मागे गिटारनं भरी दिनं व्हतं ना, तेच शे."

"हा, ते बारीक तारनं." त्यांनी चष्मा वर केला. "आते काय व्हयनं त्याले?"

"काही नही व्हयनं. दोन आवाज पाहिजेत. एक भरेल, एक हलका. बटन दाबं की बदलाले पाहिजे."

"म्हंजे दोन स्पीड," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची आठी गेली. "मंग सोपं शे. कूलरले देस तसं टॅपिंग काढी देस."

"हा, तसंच," मी म्हणालो. उन्हाने डोकं भणभणत होतं आणि मला कुठेतरी टेकायचं होतं.

काम बघायला बरं होतं हे कबूल करतो. केसासारखी तार हाताच्या मशीनवर तुटते, म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरवर त्यांनी एक हळू फिरणारं चाक बसवलं होतं. तार बोटांच्या चिमटीतून अशी सोडायची की ओढही नको आणि ढिलाईही नको. गुंडाळायला लागून फार वेळ झाला नव्हता तोच त्यांनी चाक थांबवलं, ब्लेडने तार खरवडली, सोल्डरचा थेंब दिला, खाली कागदाचा कपटा सरकवला आणि फाटा बाहेर घेतला. मला वाटलं, जरा लवकर थांबले. पण कारागिराला मध्ये टोकलं की तो बिघडतो, म्हणून गप्प बसलो. मग उरलेली तार त्यांनी नेहमीप्रमाणे काठापर्यंत भरली. शेवटी व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत ठेवायला निघाले तेव्हा मात्र मी आडवा झालो. भट्टीत पिकअपचं काही उरलं नसतं. मेणबत्तीच्या मेणावर आमची तडजोड झाली. बटणाच्या एका बाजूला त्यांनी लाल रंगाचा ठिपका दिला आणि म्हणाले, "आथा तेज. तथा मंद."

घरी येऊन जोडलं आणि वाजवलं तर सगळं उलटं. लाल ठिपक्याकडे, म्हणजे तेजकडे, गिटार किरकिरल्यासारखी बारीक. मंदकडे लावली तर भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं.

मी पलंगावर बसून हसलो, कारण दुसरं काय करणार. आबांनी कूलरच केला होता. कूलरच्या मोटरीला वीज बाहेरून येते आणि वेढे तिला अडवतात. जितके वेढे कमी तितका अडथळा कमी, तितका पंखा तेज. म्हणून तेजचं टॅपिंग लवकर काढायचं, आणि मंद करायचा तर सगळे वेढे मधे घालायचे. पिकअपला वीज बाहेरून येतच नाही. ती त्या वेढ्यांतच जन्मते, आणि प्रत्येक वेढा तिच्यात थोडी भर घालतो. वेढे जास्त तितका आवाज जास्त. मी 'भरलेला' म्हणालो, त्यांनी तेज ऐकलं. मी 'हलका' म्हणालो, त्यांनी मंद ऐकलं. नुसतं उलटं असतं तर बटण फिरवून लावलं असतं. पण तेजसाठी त्यांनी फाटा अगदी सुरुवातीला काढला होता. त्यामुळे बारीक आवाज मला हवा होता त्याहून कितीतरी बारीक झाला. तारेचा नुसता सांगाडा, मांस नाहीच.

पुन्हा धुळ्याला जायला हवं होतं. नाही गेलो. बारावीच्या पुरवणी परीक्षेची तयारी, प्रयोगशाळेची साफसफाई, आणि मुख्य म्हणजे ती एसटी. नशिराबादच्या तालमीत नानांनी बारीक आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे काय, पाणी घातलेल्या वरणासारखं?" मी म्हणालो, राहू द्या, गाण्यामागे बरं पडेल. अक्का त्या तालमीला नव्हती. ती धुळ्याहून थेट कार्यक्रमाच्या ठिकाणी येते. त्यामुळे हा आवाज आणि तिचा आवाज एकत्र मी जामनेरलाच ऐकणार होतो.

लग्न भर दुपारचं होतं. बाजार समितीच्या पलीकडे मोकळ्या जागेत मंडप, वर पत्रे तापल्यासारखं तापलेलं कापड, चारी कोपऱ्यांना मोठे कूलर. अक्का धुळ्याहून आली ती घामाने निथळत. साडीची इस्त्री मात्र शाबूत.

"गरमी भलती शे, भाऊ," ती म्हणाली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून तिने पदराने वारा घेतला. "तू जेवना का?"

"नंतर जेवसू."

"नंतर काही उरस नही," ती म्हणाली. जामनेरला या वेळी काय पणाला लागलंय हे तिला माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो. नाना ढोलकी लावत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. नर्सिंगची मुलगी कोरसच्या रांगेत पाण्याची बाटली घट्ट धरून बसली होती.

वंदना झाली, मंगल परिणय झाला, पंगती बसल्या आणि आम्ही सुरू केलं. सुरुवातीचा तुकडा मी भरदार आवाजात वाजवला. वाढपीसुद्धा वळून बघायला लागले. अक्का माइकपुढे गेली, तिने श्वास घेतला, आणि मी बटण खाली केलं.

गिटार एकदम मागे गेली. खरोखर गेली. मी दोन वर्षांत पहिल्यांदा अक्काचा आवाज मोकळा ऐकला.

तो संपला होता. खालचे स्वर वाऱ्यासारखे, अर्धे हवेचे. मधले लागत होते, पण शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत त्यांचा दम जात होता. वर चढायची जागा आली तेव्हा ती चढली नाही, आवाज फाटला आणि तिने तो शब्द नुसता बोलून टाकला. माझ्या बोटांखाली ती तार किरकिरत होती, आणि तिच्या त्या आवाजात आणि लोकांच्या कानांत आडवं यायला काहीच नव्हतं. लोक जेवत होते. एका बाईने घास हातात धरून वर बघितलं आणि पुन्हा पानाकडे बघितलं. नानांनी मान खाली घालून ढोलकी वाजवली.

कडवं संपलं. कीबोर्डवाल्याचा तुकडा सुरू झाला तशी अक्का पाणी प्यायला म्हणून माझ्याकडे वळली. लोकांकडे पाठ करून वाकली.

"तुनी गिटार कोठे गयी?"

"आठेच शे," मी म्हणालो. "तुले मोकळं करं."

"मोकळं नको करू," ती म्हणाली. "माले झाकी ले."

मी बटण वर केलं. कॉइल अख्खी भरून आली आणि मंडपभर ती घुम पसरली. अक्का पुढे गेली, उरलेलं गाणं तिने त्या घुमेच्या आत गायलं. कोणाला शब्द लागले नसतील, पण फाटलेलंही कोणाला दिसलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या. त्या बऱ्यापैकी पडल्या.

मग पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळाऐवजी पुस्तक, फोटो, आणि ज्याचं नाव राहिलं त्याची नाराजी. या भानगडीला बराच वेळ जातो. अक्का येऊन माझ्या शेजारी बसली. मी नजर चुकवत सूर लावत बसलो.

"नाना काय बोलना तुले, ते माले ठाऊक शे," ती म्हणाली.

"कोन सांगं?"

"कोन कसाले सांगी? नाना लाजस, तू बी लाजस. मना आवाज तुमना पहिले माले ऐकू येस ना?" तिने दाढेखालचा ज्येष्ठमध काढून कागदात गुंडाळला. "दोन वरीसपाईन मी तुनी गिटारना आडच गास. मी म्हनू, भाऊले समजनं व्हई, म्हनीसन त्याने जाडं करं."

मला काही समजलं नव्हतं. आबांना रिकामी जागा बघवत नव्हती, बस. पण ते मी तिला सांगितलं नाही. ती दोन वर्षं समजत होती की भाऊ आपल्याला सांभाळून घेतोय. मला रडू यायला लागलं आणि स्टेजवर रडणं बरं दिसत नाही म्हणून मी तारा पुसायला घेतल्या.

सत्कार संपले. नानांनी पुढच्या गाण्यासाठी अक्काकडे बघितलं. अक्का उठली, पण माइककडे गेली नाही. कोरसच्या रांगेतून तिने त्या मुलीला हाताला धरून उठवलं, माइकपुढे नेलं आणि माइकची उंची तिच्या मापाने खाली केली. मुलगी गोंधळून नानांकडे बघायला लागली.

"तू गा, पोरी. घाबरू नको," अक्का म्हणाली. मग माघारी येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि टाळीचा ठेका धरला, जणू ती आयुष्यभर तिथेच बसत आली होती.

मी सुरुवातीचा तुकडा वाजवला. भरदार. मुलीने तोंड उघडलं तरी मी बटण हलवलं नाही. मुद्दाम हलवलं नाही. ती माझ्या घुमेखाली गायला लागली, तिचे शब्द बुडायला लागले, नानांनी भुवया उंचावून मला खुणावलं. मी नाना दिसलेच नाहीत असं केलं. त्या पोरीने काय केलं होतं? काहीच नाही. पण माझा हात हलत नव्हता.

अक्काने टाळी थांबवली. खुर्चीतून वाकून तिने माझ्या हाताखाली बोट घातलं आणि बटण खाली केलं.

"हिले झाकू नको," ती म्हणाली, आणि परत टाळी धरली.

गिटार बारीक झाली, मागे सरकली, आणि मुलीचा आवाज मंडपाच्या शेवटच्या पंगतीपर्यंत स्वच्छ गेला. ज्या जागी अक्काचा फाटला होता तसल्याच एका जागी तो सहज चढला. जेवणारे थांबले. आबांनी चुकून जो इतका बारीक फाटा काढला होता, तो तिच्या आवाजाला अगदी मापाचा निघाला. अक्का टाळी वाजवत होती आणि तिची नजर लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे नव्हती, त्या मुलीच्या पाठीवर होती. पोरगी चांगली गायली. ती वाईट गायली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.